जनाज्यासमोर मागितलेली माफी

निकाहनाम्यावरचा आमचा लेख दोन महिन्यांपूर्वी या सदरात आला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले होते. लिहिणाऱ्या भगिनी विचारतात, "माझे शौहर वारले त्या दिवशी जनाजा उचलण्यापूर्वी घरातल्या बायकांनी माझ्याकडून मेहर माफ करून घेतला. मी काय बोलले ते मला आठवतही नाही. आता दीर म्हणतात, भाभी, मेहर तर तुम्ही माफ केलात. हे खरे मानायचे का?"

उत्तर द्यायला उशीर झाला याचे कारण असे की हेच दृश्य आमच्या घरात घडलेले आहे.

तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. मय्यत अंगणात ठेवलेली होती. खाला अम्मीच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आपा, मेहर बख्श दिया बोलो." अम्मीने मान हलवली की ती हुंदक्याने हलली, हे आजही सांगता येणार नाही. आम्ही दाराशी उभे होतो. आम्हाला त्यात काही गैर वाटले नाही. उलट अब्बांच्या मानेवरचे ओझे उतरले असेच वाटले. पेटी कुलूपबंद होती, निकाहनामा कोणी पाहिलेला नव्हता आणि मेहर किती होता हे विचारायचे कोणाला सुचलेही नाही.

भगिनींना आधी सरळ उत्तर देतो. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. ते माफ करता येते, कुरआनमध्ये सूरह अन्-निसाच्या चौथ्या आयतीत बायकोने आपल्या खुशीने काही सोडले तर ते घ्यायला मुभा आहे. पण तिथे अट खुशीची आहे. नवऱ्याचे प्रेत समोर असताना, शुद्ध हरपलेल्या बाईकडून वदवून घेतलेले शब्द खुशीचे नसतात. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या 1920 सालच्या एका निकालात नेमके हेच आहे: पतीच्या मृत्यूच्या दुःखात दिलेली माफी ही मोकळ्या मनाची संमती नाही, म्हणून ती विधवेला बांधत नाही. तेव्हा दिरांचे म्हणणे पक्के नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मेहरसाठी दावा करण्याची मुदत पतीच्या मृत्यूपासून 3 वर्षांची आहे. "इद्दत होऊ दे, वर्षश्राद्ध होऊ दे" असे म्हणत (आपल्याकडेही आता वर्षश्राद्धासारखे काहीतरी होतेच) लोक ही मुदत घालवतात.

आणखी एक हक्क विधवेला आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. पतीची मालमत्ता तिच्या ताब्यात रीतसर, दांडगाई न करता आली असेल, तर मेहर फिटेपर्यंत ती तो ताबा धरून ठेवू शकते. 1916 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हमीरा बीबींच्या प्रकरणात हे मान्य केले आणि सोबत सांगितले की तिने येणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब द्यायचा, पण इतकी वर्षे पैसे अडकून राहिल्याचा वाजवी मोबदलाही तिला मिळायला हवा. ताबा म्हणजे मालकी नव्हे. ती घर विकू शकत नाही. पण तिला घराबाहेर काढायचे असेल तर आधी मेहर चुकता करावा लागतो.

आता आमच्या घराकडे येतो. चाळीसाव्यानंतर अम्मीची पत्र्याची पेटी उघडली. निकाहनामा निघाला, घडीवर फाटलेला, 1974 सालचा. मेहर: पाच तोळे सोने, मुअज्जल. म्हणजे मागेल तेव्हा किंवा निकाह संपेल तेव्हा द्यायचे. अम्मीने अठ्ठेचाळीस वर्षे ते मागितले नव्हते.

त्या दिवशी आम्हाला कळले की आम्ही हिशेब उलट्या टोकाकडून सुरू केला होता. शरियतमध्ये क्रम ठरलेला आहे. मरहूमच्या तर्क्यातून पहिल्यांदा कफन-दफनाचा वाजवी खर्च, मग सगळी कर्जे, त्यात मेहर आला, मग वसियत, आणि जे उरेल ते वारसांचे. वारसांचे हिस्से सांगणाऱ्या आयतींमध्ये वसियत आणि कर्ज यांच्यानंतर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आपण मात्र उरेल ते आधी वाटून घेतो. आमच्याकडे चाळीसाव्याच्या जेवणाचे चाळीस हजार अब्बांच्या पैशातून गेले होते. कफनाचा खर्च तर्क्यातला, बिर्याणीचा नाही. ती ज्याला खिलवायची असेल त्याने आपल्या खिशातून खिलवावी. विशेषतः वारसांत कोणी अल्पवयीन असेल तर त्याच्या वाट्यातून पाहुणे जेवतात, याचा विचार कोणी करत नाही. ते चाळीस हजार आम्ही दोघा भावांनी परत भरले.

पतसंस्थेचे एक लाख चाळीस हजारांचे कर्ज होते, ते निघाले. एका दुकानदाराची उधारी निघाली. कागदाचा तुकडा नव्हता, त्यांच्या वहीत नोंद होती, अब्बांच्या अक्षरात सही होती. तीही दिली.

पैसे आले कुठून? इथे आमची स्वतःची कबुली आहे. बँकेत अब्बांची सहा लाखांची ठेव होती, तिच्यावर नॉमिनी म्हणून आमचे नाव होते. बँकेने मृत्यूचा दाखला पाहून रक्कम आमच्या खात्यात जमा केली. चार महिने आम्ही ती आपलीच समजत होतो. अब्बांनी नाव लिहिले ते काही उगाच का लिहिले, असे मनाला समजावत होतो. नंतर आमचे एक वकील मित्र म्हणाले, "मास्तर, नॉमिनी म्हणजे पोस्टमन. पाकीट त्याच्या हातात येते म्हणून पत्र त्याचे होत नाही." सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बँक ठेवींबाबत हेच सांगितले आणि 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही. नॉमिनीला पैसे देऊन बँक मोकळी होते, वारसांचा हक्क मोकळा होत नाही. बँकेच्या खात्यावर नाव कोणाचे, यावरून घराघरात जेवढी भांडणे होतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील.

हदीसच्या किताबांत हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्या बेवेचा किस्सा येतो. ते उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे बायको आणि दोन मुली. त्यांच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला. ती बाई दोन्ही मुलींना घेऊन हुजूर (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की यांच्या चाचाने सगळे घेतले, यांच्यासाठी काही ठेवले नाही. तेव्हा विरासतीची आयत आली. चाचाला बोलावून सांगण्यात आले: मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश, आणि उरलेले तुझे. चोवीस भाग केले तर मुलींचे सोळा, आईचे तीन, चाचाचे पाच. इस्लामच्या इतिहासातला हा कदाचित पहिलाच वारसाहक्काचा वाद असावा, आणि त्यात तक्रार करणारी बाई होती, ताबा धरणारा जवळचाच माणूस होता. हा किस्सा आम्ही अनेकदा ऐकला होता. त्यातला चाचा आपणही असू शकतो, हे ती सहा लाखांची नोंद पासबुकात पाहताना जाणवले.

ठेवीतून पतसंस्था फिटली, उधारी फिटली. मेहरचे पाच तोळे त्या दिवशीच्या भावाने काढून अम्मीच्या नावावर वेगळी ठेव केली. अम्मी सही करताना म्हणाली, "हे पैसे मला कशाला?" तिला आम्ही एवढेच सांगितले की कशाला ते तू ठरव, पण आधी तुझे होऊ दे.

मग बहिणींचा प्रश्न आला. आम्हाला तीन बहिणी, तिघी सासरी. वारस नोंदीचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा एका ओळखीच्या अर्जनवीसाने अम्मी आणि दोन भाऊ अशी तीन नावे घातली. "मुलींची हक्कसोड पत्रे लगेच घेऊन टाका," तो म्हणाला, "नंतर जावई तयार होत नाहीत." असा सल्ला देणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या कचेरीबाहेर सापडतो. आपाला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "भाईजान, मी हक्क सोडणार की नाही ते नंतर. पण आधी माझं नाव तर लिहा, मग सोडायला काहीतरी असेल."

आपाने सांगितले ते कायद्याच्या भाषेत 1885 मध्येच लिहून ठेवलेले आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठासमोर जाफरी बेगम यांचे प्रकरण होते. न्यायमूर्ती सय्यद महमूद, म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव, त्यात म्हणाले की मुसलमानाच्या मृत्यूच्या क्षणीच त्याची मालमत्ता ठरलेल्या हिश्श्यांत वारसांची होते. कर्ज फिटण्याची, नोंद होण्याची, वाटणी होण्याची वाट ती पाहत नाही. त्या हिश्श्यांवर कर्जाचा भार असतो, पण हिस्सा थांबत नाही. म्हणजे आपाचा वाटा अब्बांनी डोळे मिटले तेव्हाच तिचा झाला होता. आम्ही अर्जात नाव घालणे न घालणे यावर तो अवलंबून नव्हता.

हक्कसोड पत्राविषयी एवढे सांगतो. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायचा तर ते पत्र नोंदणीकृत असावे लागते. कोऱ्या कागदावरचा अंगठा उपयोगाचा नाही. आणि वडील जिवंत असताना मुलीकडून "मला काही नको" असे लिहून घेणे तर मुळातच पोकळ, कारण तेव्हा तिच्याकडे सोडण्यासारखा हक्कच नसतो. याला एक पोटकलम आहे: तिने त्या वेळी पैसे किंवा मालमत्ता घेऊन तसे लिहून दिले असेल, तर नंतर तिला हक्क मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्युम अली या प्रकरणात ठरवले. तेव्हा मुलींनो, लग्नाच्या खर्चाच्या नावाखाली काय वाचून आणि काय न वाचता सही करता, ते पाहा.

आमच्या घरचे अपूर्णांक मात्र सोपे निघाले. अम्मीचा आठवा भाग. उरलेल्या सात अष्टमांशात दोन मुलगे प्रत्येकी दोन वाटे, तीन मुली प्रत्येकी एक, म्हणजे सात वाटे. म्हणून अम्मीला एक अष्टमांश, प्रत्येक बहिणीला एक अष्टमांश, आम्हा भावांना प्रत्येकी दोन अष्टमांश. सातवीच्या वर्गात हे उदाहरण घातले तर पाच मिनिटांत सुटेल. घरात सुटायला पंधरा महिने लागले.

कारण अब्बांची वसियत निघाली.

आमचा मधला भाऊ अब्बांच्या आधी गेला. त्याचा एक मुलगा आहे, आता अकरा वर्षांचा. मुलगे हयात असताना आधी वारलेल्या मुलाचा मुलगा आजोबांचा वारस होत नाही. इजिप्तने 1946 मध्ये आणि पाकिस्तानने 1961 मध्ये कायदा करून अशा यतीम नातवंडांची सोय केली, वाट वेगवेगळी घेतली. भारतात तसा कायदा नाही. इथे आजोबांच्या हातात दोनच गोष्टी आहेत, हयातीत हिबा किंवा वसियत. अब्बांनी वहीच्या पानावर उर्दूत लिहून ठेवले होते: माझ्या मालाचा अर्धा भाग माझ्या यतीम नातवाला. खाली सही, तारीख, मोअज्जन साहेब आणि शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर यांच्या साक्षी.

धाकट्याने ते पान हातात घेतले आणि म्हणाला, "ही अब्बांची सही नाही." पंधरा दिवसांत त्याच्या वकिलाची नोटीस आमच्या दारात आली. नोटीस आमच्या नावाने होती, कारण पान आमच्याकडे सापडले होते. शाळेतून घरी येऊन ते पाकीट उघडले तेव्हा आमचे हात कापत होते, हे लपवत नाही.

मुंबईच्या एका नातेवाइकाने सांगितले की प्रोबेट घ्यावे लागेल. मुसलमानाच्या वसियतीला प्रोबेट सक्तीचे नाही. भारतीय वारसा कायद्याची ती सक्ती आपल्याला लागू नव्हती. आपल्या वसियतीला ठरावीक नमुनाही नाही, स्टँप नाही, तोंडी वसियतही चालते. पण सोपे म्हणून फसू नका. ज्याला वसियत चालवायची आहे त्याला ती सिद्ध करावी लागते आणि तोंडी असेल तर शब्द न् शब्द. वहीचे पान खरे ठरले ते त्या दोन साक्षीदारांमुळे आणि पेन्शनच्या कागदांवरच्या सह्यांमुळे. मोअज्जन साहेब धाकट्याच्या घरी स्वतः गेले. काय बोलले ते आम्हाला माहीत नाही.

सही त्याने मान्य केली, पण अर्धा भाग मान्य केला नाही. आणि तो त्याचा हक्क होता. वसियत एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही; हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना हुजूर (स.) यांनी तिसऱ्या भागावर थांबवले आणि तोही पुष्कळ आहे असे सांगितले. ही संमती मरणानंतर द्यायची असते आणि ज्याने दिली त्याच्याच हिश्श्यापुरती ती लागते. (आम्ही हनफी घरातले आहोत, शिया फिकहमध्ये वारसालाही तिसऱ्या भागापर्यंत वसियत करता येते, हनफींमध्ये वारसासाठी इतरांची संमती लागते.)

हिशेब असा झाला. कर्ज आणि मेहर फिटून गोळाबेरीज 24 लाख उरले असे धरा. नातवाला निम्मे म्हणजे 12 लाख लिहिलेले. त्यातले 8 लाख कोणाला न विचारता त्याचे. वरच्या 4 लाखांत प्रत्येकाचा भार आपापल्या वाट्याप्रमाणे: अम्मी 50 हजार, तिन्ही बहिणी प्रत्येकी 50 हजार, आम्ही एक लाख, धाकटा एक लाख. धाकट्याने नकार दिला. म्हणून नातवाला 11 लाख. अम्मी आणि बहिणींना प्रत्येकी दीड लाख, आम्हाला 3, धाकट्याला 4. बेरीज करून पाहा, 24 जुळतात. ज्या बहिणींकडून हक्कसोड घ्यायला सांगितले होते त्यांनी एका दिवसात संमती दिली. त्या देऊ शकल्या, कारण तोवर त्यांचा वाटा कागदावर आला होता.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. बँक, शेअर, भविष्य निर्वाह निधी अशी येणी वसूल करायची असतील आणि नॉमिनी नसेल किंवा वाद असेल, तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते पैसे देणाऱ्याला संरक्षण देते, वारसांतला वाद कायमचा मिटवत नाही. घराजमिनीसाठी आपल्या राज्यात अजून 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. गावात तलाठ्याकडे, शहरात नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करायची. महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत कळवायचे असते. नोटीस निघते, हरकत घ्यायला वेळ मिळतो. फेरफार मात्र मालकी देत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क गेला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. शेतजमिनीच्या बाबतीत एक खाचखळगा आहे: 1937 चा शरियत कायदा शेतजमिनीचा प्रश्न बाहेर ठेवतो. शेत असेल तर वकिलाला भेटल्याशिवाय सही करू नका. आमच्याकडे शेत नव्हते, घर आणि एक प्लॉट होता.

आमच्या पुतण्याचा वाटा त्याच्या नावावर झाला, तरी तो अल्पवयीन आहे. भाभीला वाटले, आई म्हणून ती व्यवहार पाहील. तसे नाही. मुसलमान मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक आई आपोआप होत नाही आणि चाचा तर मुळीच नाही. 1918 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आईने अशा मुलाची स्थावर मालमत्ता विकणे अमान्य केले होते. भाभीने 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज केला आहे. आम्ही त्याला हरकत नाही असे लिहून दिले. धाकट्यानेही दिले.

मालमत्ता पत्रकावर आता सात नावे आहेत. अम्मीचे पहिले. ती वाचू शकत नाही, पण पुतण्याने बोट ठेवून तिला नाव दाखवले, तेव्हा तिने विचारले, "यात मेहरचं कुठं लिहिलंय?" ते बँकेच्या पावतीवर आहे, असे सांगितल्यावर तिने ती पावती मागून घेतली आणि त्याच पत्र्याच्या पेटीत, फाटलेल्या निकाहनाम्याच्या खाली ठेवली.

भाभीच्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.